घरची दुरुस्ती : रायफलच्या नळीतली काजळी



गेल्या अंकात तळघरातल्या पंपाबद्दल लिहिलं होतं. या वेळचं शीर्षक वाचून काही जण चष्मा पुसून पुन्हा वाचतील. पण विषय मी शोधून काढलेला नाही, तो आपल्याच घरांतून आला आहे. मंडळातल्या दोन घरांतली मुलं क्लबच्या ज्युनियर रायफल टीममध्ये आहेत. एक-दोन सभासद शेजाऱ्यांच्या संगतीने हरणाच्या सीझनला जाऊ लागले आहेत. कोजागिरीच्या कार्यक्रमात एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, लेक रायफल साफ करते ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर. वास तर येतोच, पण चिंध्यांवर काळं काळं निघतं. धाकटा तिथेच रांगत असतो. हे पोळपाटाशेजारी चालतं का हो?"

उत्तर एका शब्दात देता येतं : नाही. पण एका शब्दाला संपादक पान देत नाहीत, आणि कारण कळल्याशिवाय आपली मुलंही ऐकत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो. घरात बंदूक असावी की नसावी, हा वाद आपण दर पॉटलकला घालतोच, तो इथे नको. ज्या घरात ती आहे, तिथे ती साफ होणारच. ती कशी आणि कुठे साफ करावी, एवढंच आज पाहू.

आधी थोडं कौतुक. नेमबाजी हा आपल्या लोकांना परका खेळ नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. या दोन्ही प्रकारांतली रायफल म्हणजे आपली पॉइंट टू टू, ५.६ मिलिमीटरची नळी. इथे अमेरिकेत कॉलेजांच्या एनसीएए स्पर्धांमध्ये १९८० पासून रायफल आहे आणि मुलं-मुली एकाच टीममधून खेळतात. तेव्हा लेक रायफल हातात घेते म्हणून घाबरायचं कारण नाही. काळजी घ्यायची ती त्या काळ्या चिंध्यांची.

काजळी येते कुठून?

समई रात्रभर तेवली की वातीवर आणि वरच्या भिंतीवर काजळी धरते. चुलीवरच्या पातेल्याचं बूड काळं होतं. नळीत तेच होतं, फक्त फार जोरात आणि फार गरम. काडतुसातली दारू जळून वायू होतो, तो गोळीला पुढे ढकलतो. दारू पूर्ण जळत नाही, तिचा कार्बन नळीच्या आतल्या पिळदार खाचांत बसतो. पुढची गोळी त्याच्यावरून जाते, तो दाबते, पुन्हा ज्वाळा येते, पुन्हा भाजते. असे थरावर थर बसले की ती नुसती पुसून जाणारी काजळी राहत नाही. कढईच्या बाहेरचा तो वर्षानुवर्षांचा काळा थर आठवा, जो नखाने निघत नाही. पॉइंट टू टूमध्ये हा थर चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे कड्यासारखा जमतो. तो वाढला की काडतूस नीट बसत नाही आणि नेम फाकतो.

पण चिंधीवरचं सगळं काळं म्हणजे कार्बन नव्हे, आणि खरी गोम इथेच आहे. पॉइंट टू टूची गोळी बहुधा शिशाची असते, कधी उघडी, कधी तांब्याचा पातळ मुलामा दिलेली, वर मेणाचा हात. शिवाय काडतुसाला पेटवणारं जे प्रायमर असतं, त्यातही बहुतेक वेळा शिशाचं संयुग असतं. म्हणजे चिंधीवर काजळीबरोबर शिसं उतरतं. हरणाच्या रायफलीत गोळीवर तांब्याचं जाड कवच असतं, त्यामुळे नळीत तांबंही चढतं. तरी प्रायमरचं शिसं तिथेही आहेच.

काजळीकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, याचा एक मोठा धडा अमेरिकेच्याच इतिहासात आहे. १९६० च्या दशकात व्हिएतनाममध्ये सैनिकांना एम-सोळा ही नवी रायफल मिळाली. हिला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला होता आणि सफाईचं सामान पुरेसं पाठवलंच गेलं नाही. त्यातच काडतुसातली दारू बदलली, नव्या दारूची घाण जास्त बसायची. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, दमट हवेत ते गंजायचं. रिकाम्या पुंगळ्या ऐन चकमकीत आत अडकून बसू लागल्या. १९६७ मध्ये काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी करून लष्कराला चांगलंच धारेवर धरलं. मग चेंबरला क्रोम आलं, सफाईचे संच आले आणि सैनिकांनी खरोखर वाचावी म्हणून चित्रकथेच्या रूपात एक पुस्तिका निघाली. तिची चित्रं विल आइस्नर या नामवंत चित्रकथाकाराची. सांगायचा मुद्दा, सफाई हा हौसेचा भाग नाही. पण ती घरात करताना घराचा विचार आधी.

स्वयंपाकघर का नको?

शिसं शरीरात गेलं की मोठ्यांना त्रास होतोच, पण लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते थेट बाधतं. मुलांच्या रक्तात शिशाचं अमुक इतकं प्रमाण निर्धोक, अशी पातळीच सापडलेली नाही, असं इथली सीडीसी संस्था सांगते. लक्ष द्यायला लागण्याची तिची मर्यादा १९९१ मध्ये प्रति डेसिलिटर १० मायक्रोग्रॅम होती, २०१२ मध्ये ती ५ झाली आणि २०२१ मध्ये ३.५. म्हणजे जितकं कळत गेलं, तितकी मर्यादा खाली आली.

हे शिसं उडत येऊन चावत नाही. ते हातावरून येतं. टेबलावरचा काळा ठिपका फडक्याने पुसला, त्याच फडक्याने ओटा पुसला, ओट्यावर कणीक मळली. कार्पेटवर चिंधी पडली, तिथे बाळ रांगलं आणि बोटं तोंडात गेली. इतका साधा प्रवास आहे. आपल्या घरांतल्या मुलांना डॉक्टर आधीच हळद आणि सिंदूर कुठून आणता हे विचारतात, कारण त्यांतही शिसं सापडलेलं आहे. त्यात आणखी एक वाट आपण होऊन कशाला उघडायची?

दुसरं कारण आगीचं. नळी साफ करायची बहुतेक सॉल्व्हंट्स पेट घेतात. स्वयंपाकघरात गॅस, शेजारी देवघरात निरांजन. वाफ डोळ्यांना दिसत नाही, ज्वाळेला मात्र ती बरोबर सापडते.

म्हणून जागा गॅरेजची. दार उघडं, हवा खेळती. गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर किंवा फर्नेस असेल तर त्याच्याजवळ नको, आणि थंडी आहे म्हणून पेटता हीटर शेजारी ठेवू नका. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी क्लबमध्येच सफाई करावी. बऱ्याच क्लबांत त्यासाठी वेगळं टेबल असतं. टेबलावर प्लॅस्टिक आणि त्यावर जुनी वर्तमानपत्रं पसरा. आपल्या मंडळाचा जुना अंकही चालेल, संपादकांना सांगू नका. काम झालं की कागद आतल्या बाजूने गुंडाळून टाकून द्यायचा.

सगळ्यांत आधी : रिकामी आहे ना?

"रिकामी होती हो," हे वाक्य अपघातानंतर फार वेळा ऐकू येतं. म्हणून हा क्रम पाठ करा आणि मुलांकडून म्हणून घ्या.

१. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला. माणसाकडे नाही, शेजारच्या भिंतीकडेही नाही, कारण भिंतीपलीकडे माणूस असतो. बोट चापावर नाही.

२. आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट उघडा. हा क्रम उलटा करायचा नाही. मॅगझिन आत असताना बोल्ट मागे-पुढे केला तर तो नवं काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. काही पॉइंट टू टू रायफलींत नळीखाली लांब नळकांड्याचं मॅगझिन असतं, तेही पूर्ण रिकामं करायचं.

३. चेंबरमध्ये उजेड पाडून डोळ्यांनी पाहा. नजर दुसरीकडे वळवून परत एकदा पाहा. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर त्यालाही दाखवा.

४. सगळी काडतुसं त्या जागेतून बाहेर, कुलपात. सफाईच्या टेबलावर एकही काडतूस नको. याला आणखी एक कारण आहे : तेल आणि सॉल्व्हंट काडतुसात झिरपलं तर प्रायमर निकामी होऊ शकतं.

मगच बोल्ट बाहेर काढायचा. आणि रिकामी आहे का हे पाहायला चाप ओढायचा नाही. एक तर ती तपासायची पद्धतच नव्हे, आणि जुन्या पॉइंट टू टू रायफलींत रिकामा चाप ओढला तर आतली पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती कड चेपते.

सामान

ज्यांनी कॉलेजात एनसीसी केली त्यांना 'फुलथ्रू' आणि 'चिंदी' आठवत असेल. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला कापडाची पट्टी, आणि मागे उभा उस्ताद. तत्त्व अजून तेच आहे, साधनं जरा सुधारली आहेत.

एकसंध गज : वर आवरण असलेला किंवा कार्बन फायबरचा, नळीच्या मापाचा. तीन तुकडे जोडून होणारा स्वस्त गज वाकतो आणि त्याचे सांधे नळीला आतून घासतात. बोअर गाइड : बोल्टच्या जागी बसणारी नळी, जी गज मधोमध ठेवते आणि सॉल्व्हंट चापाच्या यंत्रणेत उतरू देत नाही. योग्य मापाचा ब्राँझचा ब्रश, स्टीलचा नको. सुती चिंध्या. सॉल्व्हंट. थोडं तेल. नायट्राइलचे हातमोजे. आणि डोळ्यांवर चष्मा, कारण ब्रश नळीतून बाहेर पडताना त्याचे केस सॉल्व्हंटचे थेंब उडवतात.

सॉल्व्हंटचं म्हणाल तर जुनं नाव हॉपीज नंबर नाइन, १९०३ पासूनचं. पिकलेल्या केळ्यासारखा त्याचा वास अनेकांना आवडतो. वास गोड म्हणून हुंगत बसायचं नाही. कार्बनसाठी वेगळी, तांब्यासाठी वेगळी अशीही सॉल्व्हंट्स मिळतात. तांब्याच्या काही सॉल्व्हंट्समध्ये अमोनिया असतो. त्याचा ब्लीचशी संबंध येऊ देऊ नका, दोन्ही मिळून विषारी वायू होतो. बाटलीवर जितका वेळ लिहिला असेल तितकाच वेळ ते नळीत ठेवायचं. आणि गाडीतलं पेट्रोल कधीही नाही, 'आमच्याकडे गावाला असंच करतात' असं कोणी म्हणालं तरी.

सॉल्व्हंट दुसऱ्या बाटलीत, विशेषतः पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत, भरून ठेवायचं नाही. मूल ते प्यायलं अशी शंका आली तरी उलटी करवायला जाऊ नका. लगेच पॉइझन कंट्रोलला फोन करा : १-८००-२२२-१२२२. चोवीस तास असतो. मूल बेशुद्ध असेल किंवा त्याला श्वास घेता येत नसेल तर थेट ९११.

प्रत्यक्ष सफाई

रायफल आडवी, दोन आधारांवर, तोंडाची बाजू किंचित खाली. म्हणजे घाण मागे चापाकडे न येता पुढे वाहते. पुढे एखादा डबा किंवा कागद लावून ठेवा.

गज मागून पुढे चालवायचा, म्हणजे गोळी जाते त्याच दिशेने. नळीचं पुढचं तोंड हा सगळ्यांत नाजूक भाग. गोळी शेवटी त्याला सोडून जाते, ती कड एका बाजूने झिजली तर नेम कायमचा बिघडतो. काही रायफलींत बोल्ट मागून काढता येत नाही, जुन्या एम-वन गॅरंडचंही तसंच आहे. तिथे तोंडावर गाइड बसवून गज घाला, किंवा आपली फुलथ्रूची दोरी वापरा.

पहिली चिंधी सॉल्व्हंटमध्ये ओली करून आरपार. ती तोंडाबाहेर आली की काढून टाका, तीच परत मागे ओढू नका, नाही तर काढलेली घाण पुन्हा आत जाते. अशा दोन-तीन चिंध्या. सैल काजळी आणि शिसं इथेच निघतं. मग दहा-पंधरा मिनिटं थांबा. पातेलं भिजत घातल्याशिवाय घासत नाही, तसंच. बाटलीवर वेगळा वेळ दिला असेल तर तो पाळा.

आता ब्रश. त्याला सॉल्व्हंट लावा, पण बाटलीत बुडवू नका, बाटली घाण होते. झाकणात थोडं ओतून घ्या. ब्रश पूर्ण बाहेर पडेपर्यंत ढकला, मग मागे घ्या. नळीत मध्येच दिशा बदलू नका. आठ-दहा फेऱ्या पुरतात. चेंबरच्या पुढे जो कडा जमतो, तिथे ओल्या चिंधीला जरा जास्त वेळ द्या. ब्रश ड्रिलला लावून फिरवायची कल्पना आपल्या इंजिनियर मंडळींना सुचेल. कृपया नको. घासायची पेस्टही नवख्याने वापरू नये, नळी तासली गेली की परत येत नाही.

मग कोरड्या चिंध्या, ती जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत. अगदी धुतल्या साडीसारखी पांढरी व्हायलाच हवी असा हट्ट नको, जास्त घासूनही नळ्या खराब होतात. चिंधी हिरवी-निळी निघाली तर ते तांबं. पण ब्राँझच्या ब्रशवरही ते सॉल्व्हंट चढतं आणि तसाच रंग देतं, तेव्हा फसू नका. शेवटी बोल्टचं तोंड आणि पुंगळी ओढणारा छोटा आकडा जुन्या टूथब्रशने साफ करा. त्या टूथब्रशवर लाल खूण करा आणि तो गॅरेजबाहेर जाऊ देऊ नका.

रायफल ठेवून द्यायची असेल तर नळीत तेलाची एक अगदी हलकी चिंधी. आणि पुन्हा वापरण्याआधी, हे अधोरेखित करून वाचा, रिकामी असल्याची खात्री करून कोरडी चिंधी फिरवायची आणि नळी आरपार मोकळी आहे हे पाहायचं. नळीत अडकलेली चिंधी किंवा ब्रशचा तुकडा असताना गोळी सुटली तर नळी फुटू शकते. बोल्ट काढून मागच्या बाजूने उजेडाकडे पाहा. बोल्ट निघत नसेल तर फोनला जोडायचे छोटे कॅमेरे आता मिळतात, त्याने पाहा. तोंडात डोळा घालून बघायचं नाही, तोंडाने फुंकायचं तर मुळीच नाही.

किती वेळा साफ करायची? स्पर्धेच्या रायफलीला कोच सांगेल तसं, कारण प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा. हरणाची रायफल पावसात-बर्फात भिजली तर त्याच रात्री कोरडी करायची, आणि सीझन संपल्यावर पूर्ण सफाई.

कोणी जुनी लष्करी रायफल घेतली असेल तर एक टीप. जुन्या लष्करी काडतुसांत, विशेषतः पूर्व युरोपकडून आलेल्या, प्रायमर असा असतो की मागे मिठासारखा क्षार उरतो. तो हवेतलं पाणी ओढून नळी गंजवतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. अशी काडतुसं वापरली तर त्याच दिवशी आधी गरम पाणी, मग पूर्ण कोरडं, मग नेहमीची सफाई आणि तेल.

काम झाल्यावर

हातमोजे उलटे करत काढा. हात साबण आणि गार पाण्याने नीट धुवा. गरम पाण्यापेक्षा गार बरं, असं सांगतात. सॅनिटायझरने शिसं जात नाही, ते नुसतं पसरतं. टेबल कोरडं झाडू नका, ओल्या कागदी रुमालाने पुसून तो टाका. गॅरेजची जमीनही ओलीच पुसायची. साध्या व्हॅक्यूमने बारीक धूळ हवेत उडते. त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवा, बाळाच्या लंगोटांबरोबर नाही. रेंजवरून येतानाही हाच नियम : हात धुतल्याशिवाय गाडीत चिवड्याचा डबा उघडायचा नाही, बूट दाराबाहेर.

वापरलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, गॅरेजमध्ये, मुलांच्या हाताला लागणार नाही असा. भरला की काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी द्यायचा. उरलेलं सॉल्व्हंट सिंकमध्ये ओतू नका. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल लावत असाल तर ते फडकं कधीही चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते बाहेर पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. घरात नेमबाज असेल तर मुलांच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा आणि शिशाची रक्ततपासणी करून घ्या. साधी तपासणी आहे.

एअर रायफल आणि व्हिसा

एअर रायफलमध्ये दारू नसते, म्हणून कार्बनही नाही. पण छर्रे बहुधा शिशाचेच, तेव्हा हात धुण्याचा नियम तोच. तिच्यात वरची सॉल्व्हंट्स आणि तेलं घालू नका, आतली रबरी वायसरं खराब होतात, आणि स्प्रिंगच्या बंदुकीत दाबाने तेल पेटूही शकतं. तिच्यासाठी फेल्टच्या छोट्या गोळ्या मिळतात.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि आपल्यासारख्यांना महत्त्वाची. १९९८ पासूनच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-वन, एफ-वन, व्हिजिटर अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही, पण प्रत्येक राज्याचे नियम निराळे. तेव्हा भारतातून आलेल्या भाचरांना किंवा आजोबांना 'जरा धरा हो, मी चिंधी आणतो' म्हणून रायफल हातात देऊ नका. शंका असेल तर वकिलाला विचारा, व्हिसाच्या प्रश्नात अंदाज नको.

फ्रिजवर लावायला थोडक्यात : मॅगझिन, बोल्ट, डोळ्यांनी खात्री. काडतुसं बाहेर. गॅरेज, उघडं दार. हातमोजे, चष्मा. मागून पुढे. हात साबणाने. चिंध्या डब्यात. दोन कुलपं.

त्या ताईंना आता उत्तर मिळालं असेल. लेकीला रागावू नका, गॅरेजमध्ये एक टेबल लावून द्या आणि पहिल्या दोन वेळा शेजारी उभे राहा. ती चार वर्षांत कॉलेजला जाईल, तेव्हा ही सवय तिच्याबरोबर जाईल.

पुढच्या अंकात : थंडीत पाण्याचे पाइप फुटू नयेत म्हणून काय करावं. प्रश्न असतील तर संक्रांतीच्या कार्यक्रमात भेटा, किंवा चिठ्ठी संपादकांकडे द्या.

लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
गॅरेजकर